यादीतले नाव, घरातले माणूस

२० मे २०२४ रोजी पालघर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्या सकाळी आम्ही सहकुटुंब वसईतील आमच्या मूळ गावी गेलो. मूळ गाव म्हणण्याचे कारण असे की सहा वर्षांपूर्वीच आम्ही तेथील वाडी सोडून बोरिवलीला मुलाच्या सदनिकेत राहावयास गेलो होतो. वाडीतील घर मात्र अजून आमचेच आहे. विहीर, केळीचे चार दांडे आणि चर्चच्या मागील दफनभूमीत वाडवडिलांच्या कबरी, एवढे सर्व तेथेच असल्याने मनाचा पत्ता काही बदलला नव्हता. शिधापत्रिकेवरचाही नव्हता, आणि मतदार यादीतलाही नव्हता.

शाळेपासून नियमाप्रमाणे दूर मांडलेल्या टेबलावर ओळखीची मुले याद्या उघडून बसली होती. आम्हाला पाहताच त्यांनी बोटे फिरवून नावे शोधली आणि चार चिठ्ठ्या आमच्या हातात ठेवल्या. एक आमची, एक सौभाग्यवतींची, एक मुलाची. चौथी आमच्या आईची होती.

आईला जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. तिला ज्या दफनभूमीत ठेवले ती त्या टेबलावरून दिसते. एका मुलाच्या ध्यानात चूक आली, तो ओशाळला आणि म्हणाला, "काका, आजींचे नाव अजून काढले नाही वाटते." दुसरा, वयाने थोडा मोठा, हसून म्हणाला, "असू दे, आजींचा आशीर्वाद आहे आम्हाला." आम्हीही हसलो. चिठ्ठी परत करावयास हवी होती. ती आम्ही खिशात ठेवली.

मग सुनेचे नाव शोधणे सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती आमच्या घरी आली. तिचे माहेर उत्तनचे. तिचे नाव इकडे आणण्याचा अर्ज मुलाने करावयाचा होता. तो आम्ही केला असेल असे त्याला वाटले, आणि त्याने केला असेल असे आम्हाला. यादीत तिचे नाव नव्हते. मुलगा तिला घेऊन थेट मतदान केंद्रावर गेला आणि विचारू लागला की ओळखपत्र आहे, लग्नाचा दाखला आहे, नमुना ८ लगेच भरून देतो, आजच्या आज पत्ता बदलून मिळेल काय? केंद्राध्यक्ष सौम्य स्वभावाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "ताई, ओळखपत्र असले तरी या यादीत नाव नसेल तर येथे मत देता येत नाही. आणि आज यादीतले एक अक्षरही आम्हाला बदलता येत नाही. तुमचे नाव उत्तनला असेल, तेथे जाऊन मत द्या. वेळ आहे अजून."

वेळ होता. मुलाने गाडीची किल्ली काढलीही. परंतु ती म्हणाली, "मी आता तिथे राहत नाही. तिथला माणूस तिथल्यांनी निवडावा." मग थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता ती म्हणाली, "आणि तसे पाहिले तर मी इथली तरी कुठे आहे? आपण बोरिवलीला राहतो ना?"

तिने हे आम्हाला उद्देशून म्हटले नव्हते. आम्ही रांगेत उभे राहिलो, बोटाला शाई लावून घेतली आणि मत दिले. परतताना खिशात आईची चिठ्ठी होती. मृत माणसाचे नाव यादीत होते, जिवंत माणसाचे नव्हते, आणि दोन्ही गोष्टींना कारण आम्हीच होतो. त्या दिवसापासून हा विषय मनातून गेलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कायद्याचे म्हणणे प्रथम पाहू, कारण ते थोडक्यात सांगता येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे मतदाराचे नाव तो जेथे सर्वसाधारण रहिवासी असेल तेथे असावे. केवळ एखाद्या ठिकाणी आपले घर आहे एवढ्यावरून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. उलट, कोणी तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपणही जात नाही. एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असता कामा नये. आणि उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची मुदत संपली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नाव घालता येत नाही, काढता येत नाही, बदलता येत नाही. त्या निवडणुकीत आमच्याकडे ती मुदत ३ मे रोजी संपली होती. म्हणजे मुलगा ज्या दारावर २० मे रोजी थाप मारीत होता ते दार सतरा दिवसांपूर्वीच बंद झाले होते. नावातील किरकोळ लेखनदोषाकडे केंद्राध्यक्ष काणाडोळा करू शकतो, तेवढीच काय ती फट. (आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांना तिचा मोठा आधार आहे. गोन्सालविस हे आडनाव एकाच घरातील तीन माणसांच्या नावापुढे तीन प्रकारे लिहिलेले आम्ही पाहिले आहे.)

आता ज्याचे नाव यादीत आहे त्याला मत देण्याचा अधिकार आहे, हेही त्याच कायद्याच्या १९५१ च्या जोड-अधिनियमात लिहिले आहे. तेव्हा गावी मत देऊन आम्ही कोणता गुन्हा केला असे कोणी म्हणणार नाही. केंद्रावर कोणी आम्हाला विचारले नाही की तुम्ही राहता कोठे. परंतु विचारले असते तर आम्ही काय उत्तर दिले असते? ज्या प्रश्नाचे उत्तर देताना जीभ अडखळली असती तो प्रश्न कोणी विचारला नाही, हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

आमच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते आम्ही स्वतःशी अनेकदा बोललोही. गावच्या मातीशी नाते आहे. स्नानसंस्कार तेथल्या चर्चमध्ये झाला, लग्न तेथे लागले, मरणानंतरही तेथेच जायचे आहे. गावच्या पाण्याची, हिरवाईची, बांधकामांची चिंता आम्हाला बोरिवलीतही वाटते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कैसर औगुस्ताने नावनिशी लिहिण्याचे फर्मान काढले, तेव्हा योसेफ आपल्या कुळाच्या गावी, बेथलेहेमला गेला. त्याचे घर नाझरेथला होते, पण नाव लिहावयाचे ते दाविदाच्या नगरात. दर नाताळात हे वाचन ऐकताना आम्हा गाव सोडलेल्या माणसांना मोठा दिलासा वाटत आला आहे.

पण त्या वाचनातच आमच्या समर्थनाचा फोलपणाही आहे. रोमच्या सत्तेला योसेफाचे मत नको होते. तिला त्याची मोजदाद हवी होती, आणि मोजावयाचे असेल तर माणसाला कोठल्याही खुंट्याला बांधले तरी चालते. आमच्या प्रजासत्ताकाने माणसाला कुळाच्या गावाला न बांधता तो आज जेथे झोपतो, पाणी भरतो आणि कचरा टाकतो त्या ठिकाणाला बांधले. हा फरक क्षुल्लक नाही. कूळ, जात आणि वतन यांच्या आधारावर माणसाची जागा ठरविणाऱ्या देशात कायद्याने म्हटले की तुझे पूर्वज कोण हे आम्ही विचारीत नाही, तुझे शेजारी कोण ते सांग. मतदार यादी उघडून पाहिली तर ती खरोखरच शेजाऱ्यांची यादी असते. घरक्रमांकाने घरे येतात, आणि त्यांत कोणाचे आडनाव कोणाच्या खाली यावे याला सोवळेओवळे नसते. आम्ही सहा वर्षे बोरिवलीत राहून त्या शेजारात आपले नाव लिहू दिले नाही. तेथील रस्ता आम्ही वापरला, तेथील नळाचे पाणी प्यालो, आणि तेथील बरेवाईट ठरविण्याचा भार इतरांवर टाकून ज्या गावाचे आम्ही शनिवार-रविवारचे पाहुणे होतो त्या गावाचा प्रतिनिधी ठरवावयास गेलो. सुनेने एका वाक्यात सांगितले ते एवढेच होते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात मत देणे हा नागरिकाचा अधिकार आणि कर्तव्यही असल्याचे स्मरण दिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, २२४० व्या परिच्छेदात, कर भरणे आणि मताचा हक्क बजावणे यांना नैतिक बंधन म्हटले आहे. आमच्या चर्चमधूनही निवडणुकीच्या आधीच्या रविवारी प्रवचनात याची आठवण दिली जाते. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आम्ही त्या कर्तव्याचा दिवस मतदानाचा समजतो. वस्तुतः त्या दिवशी कर्तव्याचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग उरलेला असतो. पत्ता बदलला त्या महिन्यात, घरात लग्न झाले त्या वर्षी, घरातून प्रेतयात्रा निघाली त्यानंतर काही दिवसांनी, असे ते कर्तव्य येऊन गेलेले असते आणि त्या वेळी त्याच्या बोटाला शाई नसते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. मिस्सेच्या आरंभी पश्चात्तापाची प्रार्थना करताना आपण केलेल्या अपराधांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. आम्ही छातीवर हात मारून ती कबुली अनेक वर्षे दिली. तिच्यात नमुना ८ येत असेल असे कधी मनात आले नाही.

दार बंद ठेवण्याचा हा नियमच कठोर नाही काय, असा प्रश्न आमच्या मुलाने त्या दिवशी परतीच्या वाटेवर केला. त्याचा एक मित्र अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. तेथे मतदार नोंदणीचे नियम प्रत्येक राज्याचे निराळे असतात. अनेक राज्यांत यादी कित्येक दिवस आधी बंद होते, परंतु मिनेसोटात १९७४ पासून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदविता येते आणि पत्ताही बदलून घेता येतो. पत्त्याचा कागद नसेल तर त्याच विभागातील एखादा नोंदलेला मतदार शपथेवर सांगू शकतो की हा माणूस येथे राहतो, मी त्याला ओळखतो. एका मतदाराला अशी ग्वाही आठ जणांसाठी देता येते. शपथ खोटी ठरली तर शिक्षा आहे.

ही माहिती ऐकून आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. आमच्याकडेही मतदान केंद्रात शेजाऱ्याला एक काम नेमून दिलेले आहे. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून तो आत बसतो, आणि येणारा माणूस तो नव्हेच असे त्याला वाटले तर दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. म्हणजे तेथे शेजारी शपथ घेऊन म्हणतो की हा आमचा आहे, आणि येथे दोन रुपये ठेवून म्हणतो की हा तो नव्हे. माणूस तोच, त्याचे शेजारीपणही तेच. एका व्यवस्थेने त्याच्या विश्वासाला काम दिले, दुसरीने त्याच्या संशयाला.

तरीही आमच्या व्यवस्थेला दोष देण्याची घाई करवत नाही. २०२४ साली आमची यादी सुमारे ९७ कोटी नावांची होती. उमेदवार कोण हे ठरल्यानंतरही दार उघडे राहिले तर त्यातून एकटी आमची सूनच आत येईल असे नाही; ट्रकमधून आणलेली माणसेही येतील, आणि त्यांच्यासाठी शपथ घेणारे आठ शेजारी आमच्याकडे सहज मिळतील, हे आम्ही आमच्या तालुक्याला ओळखून लिहितो. बंद दार सर्वांना सारखे बंद असते, हा त्याचा न्याय. शिवाय शेजाऱ्याच्या विश्वासाला आमच्याकडे अजिबात जागा नाही असेही नाही. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, दावे आणि हरकती मागविल्या जातात, त्या यादीत पाहून कोणालाही म्हणता येते की अमुक घरातील मुलगी अठरा वर्षांची झाली, तिचे नाव राहिले. पण आम्ही ती यादी पाहतो काय? पाहिलीच तर विरोधी पक्षाच्या माणसांची नावे पाहतो.

मात्र ज्याची त्याची जबाबदारी हे सूत्र किती दूर न्यावे यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की सूत्र निर्दय होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. याद्या तयार होताना, मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत, लक्षावधी स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही; अमक्याची आई, तमक्याची बायको अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि स्वतःचे नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. सेन यांचे तत्त्व योग्य होते. स्त्री ही स्वतःच्या नावाने नागरिक आहे असे म्हणणारे ते तत्त्व होते. पण ज्यांच्यासाठी ते उभे केले त्यांतील २८ लाख जणी त्या वेळी मताला मुकल्या, हेही तितकेच खरे.

आणि आजही लग्नानंतर पत्ता बदलतो तो स्त्रीचाच. आमच्या ख्रिस्तसभेच्या नोंदवह्यांत याची सुंदर तजवीज आहे. लग्न कोठेही लागो, त्याची सूचना ज्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला तेथे पाठविली जाते आणि तेथील नोंदीच्या समासात ते लिहिले जाते. फादर हे काम करतात. नववधूला अर्ज करावा लागत नाही. उत्तनच्या नोंदवहीत आमच्या सुनेच्या नावापुढे आमच्या मुलाचे नाव लग्नानंतर थोड्याच दिवसांत लिहिले गेले होते. देशाच्या यादीत मात्र दोन वर्षांनंतरही ती माहेरीच होती, कारण तेथे समासात लिहिण्याचे काम घरच्या माणसांचे होते.

२०२५ साली बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. सुमारे ७ कोटी ८९ लाख नावांपैकी १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख उरली. जवळपास ६५ लाख नावे मृत, स्थलांतरित, सापडत नसलेली किंवा दुबार अशा कारणांनी बाहेर राहिली. त्यांत आमच्या आईसारखी खरीच गेलेली माणसे असणार, आणि आमच्यासारखी दोन ठिकाणी पाय ठेवणारीही. परंतु यादीने मृत ठरविलेली काही जिवंत माणसे सर्वोच्च न्यायालयात उभी करण्यात आली. वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी द्यावा लागला. अखेरच्या यादीत ७ कोटी ४२ लाख नावे आली. आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी किती माणसांना रोजगार बुडवून जावे लागले असेल, याचा हिशेब या आकड्यांत नाही.

एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यातील कातकरी आणि वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २० मे रोजी त्यांतली कितीतरी भट्टीवर असतील. कायद्याने ती आपापल्या पाड्यांचीच रहिवासी आहेत. यादीत नाव आहे, खरे आहे, आणि तरीही मत देता येत नाही. आमची गोष्ट अगदी उलट. आमच्याजवळ गाडी होती, कागद होते, फोन होता, आणि सहा वर्षे होती. त्यांच्या अडचणीच्या पदराआड आम्ही आपला आळस लपवू नये.

आता आईच्या चिठ्ठीविषयी. ती कोणी वापरली नाही. पण वापरता आली असती. असे अन्यत्र घडते हे आपण जाणतो; कोणी मत द्यावयास जावे आणि त्याच्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेलेले असावे. अशा माणसाला केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो, त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते आणि मोजणीत धरले जात नाही. निकालाला आव्हान देणारी याचिका झाली आणि न्यायालयाने मागितले तरच ते उघडते. जिवंत माणसाजवळ निदान एवढा तरी मार्ग आहे. मृताच्या नावाने कोणी मत दिले तर तो येऊन सांगणार नाही. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात आणि २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी येथे विधानसभेचा निकाल एका मताने लागला होता. आमची आई आयुष्यात कोणाचा रुपया बुडवून राहिली नाही. तिचे नाव पाच वर्षे त्या टेबलावर कोणाच्याही हाताशी येईल असे आम्ही ठेवले होते.

निवडणूक झाल्यावर जून महिन्यात आम्ही अर्ज भरावयास बसलो. आमच्या तिघांचा आणि सुनेचा नमुना ८, बोरिवलीच्या पत्त्यासह. आईसाठी नमुना ७. तो हाती घेतल्यावर कळले की त्याचे स्वरूप हरकतीचे आहे. यादीतील एखाद्या नावास हरकत घेऊन ते वगळण्याची विनंती त्यात करावयाची असते, आणि हरकत घेणाऱ्याने स्वतःचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक द्यावयाचा असतो. आईच्या नावास आमची हरकत. कारणाच्या ठिकाणी मृत्यू. हे वाक्य आम्हाला लगेच लिहिता आले नाही. तो कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. मृत्यूचा दाखला आम्ही यापूर्वी बँकेत दिला होता, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे दिला होता, आणि तेथे हात थरथरला नव्हता. येथे थरथरला, याचे कारण आम्हाला नीट सांगता येणार नाही. कदाचित बँकेत आणि तलाठ्याकडे तिचे नाव काढल्याने आम्हाला काही मिळत होते, येथे काहीच मिळत नव्हते, म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी सुनेने तो भरला आणि आम्ही सही केली.

त्या वर्षी मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, गावच्या दफनभूमीत आम्ही नेहमीप्रमाणे मेणबत्ती लावली. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा आम्ही बोरिवलीतील एका शाळेत रांगेत होतो. आमच्या लगेच खाली सुनेचा अनुक्रमांक होता. टेबलावरच्या मुलांनी आम्हाला ओळखले नाही. नाव दोनदा विचारून घेतले. रांगेत आमच्या मागे उभे असलेले गृहस्थ आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, सहा वर्षे आम्ही त्यांना जिन्यात पाहत आलो आहोत. त्यांनी नमस्कार केला. आम्हीही केला. त्यांचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. ते आम्ही तेथे, त्यांच्या हातातील चिठ्ठीवर वाचले.